कागद, पेंढा आणि आकाश

होळी चांगली पेटली आहे आणि तुम्ही जरा जास्तच पुढे येऊन उभे राहिला आहात. गाल भाजतायत. डोळ्यांतून पाणी गळतंय. गोवऱ्यांचा धूर, भाजलेल्या नारळाचा वास, शेजारी पोरांच्या बोंबा. तेवढ्यात ज्वाळेतून वर्तमानपत्राचा एक अर्धवट जळका कपटा सुटतो. कडेला लाल रेघ, मध्ये काळाभोर. तो खाली पडत नाही. गिरक्या घेत वर चढतो, विजेच्या तारांच्या वर, समोरच्या गच्चीच्याही वर. तुमची मान त्याच्यामागे वर जाते.

राहू द्या तशीच. नजर कपट्यावर ठेवा. ताशा हळूहळू विरेल, पायांखालचं डांबर मऊ होत जाईल.

आता खाली बघा.

पायांत लाकूड कोरून केलेले जोडे आहेत, ऊब राहावी म्हणून आत पेंढा कोंबलेला. ते चिखलात रुतलेत. अंगातला जाडाभरडा सदरा पावसाने भिजून पाठीला चिकटलाय. पॅरिसच्या उत्तरेला गोनेस नावाचं एक खेडं आहे, त्याच्या शिवारात तुम्ही उभे आहात. २७ ऑगस्ट १७८३ची संध्याकाळ. गव्हाची कापणी झाली आहे आणि उरलेले खुंट घोट्यांना टोचतायत. गावातून भट्टीचा वास येतोय. गोनेसच्या पावाला पॅरिसमध्ये मान आहे, तेव्हा एक तुकडा मोडून तोंडात टाका. लवकर टाका, कारण पुढच्या पाच मिनिटांत तुमची भूक पळणार आहे.

या वर्षी आभाळाने गावाची झोप उडवली आहे. जूनपासून हवेत एक कोरडं धुकं भरून राहिलंय. सूर्य निस्तेज दिसतो आणि उगवता-मावळता रक्तासारखा लाल होतो. दूर आइसलँडमध्ये लाकीचा ज्वालामुखी धुमसतोय, त्याचा हा धूर. पण ते गोनेसमध्ये कुणाला कळणार? त्यात नऊ दिवसांपूर्वी, रात्री, एक भलीमोठी उल्का जळत गेली. इंग्लंडपासून फ्रान्सपर्यंत लोकांनी ती पाहिली. म्हणून आज ढगांतून काहीतरी गोल, चकचकीत, खोलीएवढं मोठं खाली येताना दिसतं, तेव्हा तुमच्या शेजारची बाई छातीवर क्रूस काढते आणि पोराला आपल्यामागे ओढते.

ते जमिनीवर आपटतं, उसळतं, पुन्हा आपटतं. श्वास घेतल्यासारखं फुगतं आणि आकसतं. कुत्री भुंकतायत, पण जवळ जायला एकही तयार नाही. कुणीतरी दगड भिरकावतो. मग एक जण हिय्या करून पुढे होतो आणि हातातलं दाताळं खुपसतो. फस्सकन अशी घाण बाहेर पडते, गंधकाची, नासलेल्या अंड्यांची, की पुढचे लोक मागच्यांच्या अंगावर कोसळतात. त्यात तुम्हीही आहात, आणि पाव केव्हाच चिखलात गेलाय. आता सगळ्यांची खात्री पटते की हे जिवंत होतं आणि मेलं. त्याचं लोळागोळा झालेलं कातडं घोड्याच्या शेपटीला बांधतात, आणि भेदरलेला घोडा ते फरफटवत रानोमाळ सुटतो.

या माणसांना हसू नका. तुम्हीही दाताळं उचललं असतंत. आजवर आभाळातून ऊन, पाऊस, गारा आणि वीज एवढंच खाली आलं होतं. माणसाच्या हातची वस्तू वरून येऊन पडावी, ही त्यांची पहिलीच वेळ. पुढे सरकारला छापील पत्रक काढून लोकांची समजूत घालावी लागली की असे गोळे दिसले तर घाबरू नका, ते नुसतं कापड आहे.

आणि ते खरंच कापड होतं. तलम रेशीम, त्यावर टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या रबराचा लेप. ज्याक शार्ल नावाच्या भौतिकीच्या अभ्यासकाने आणि रोबेर बंधूंनी ते पॅरिसमध्ये शिवलं. सुमारे ५०० किलो लोखंडाच्या किसावर २५० किलोच्या आसपास गंधकाम्ल ओतलं, त्यातून फसफसत निघालेला हायड्रोजन दिवसचे दिवस त्या पिशवीत भरला. आज संध्याकाळी तोफेचा बार झाला आणि शां द मार्सच्या मैदानावरून, धो धो पावसात भिजत उभ्या असलेल्या हजारोंच्या डोळ्यांदेखत, तो गोळा ढगांत शिरला. पाऊण तासाने तो तुमच्या शेतात उतरला.

चला, आपण तो आला तिकडे जाऊ.

गोंदाच्या वासाची गल्ली

सप्टेंबरची सकाळ. पॅरिसच्या पूर्वेकडचं फोबूर सँ-आंत्वान, कारागिरांची वस्ती. भिंतीला धरून चाला, कारण रस्त्याच्या मधोमध गटार वाहतंय आणि घोडागाडी आली की त्याची चिळकांडी तुमच्याच अंगावर येणार. हा चिखल काळा असतो. गाड्यांच्या लोखंडी पट्ट्या दगडांवर घासून घासून त्यात लोखंड मिसळतं, आणि एकदा कपड्यावर बसला की जात नाही. समोरून खांद्यावर कावड घेतलेला पाणक्या ओरडत येतोय. सेन नदीचं पाणी, दोन बादल्या, आणि तो ते पाचव्या-सहाव्या मजल्यापर्यंत जिने चढून पोचवणार. त्याला वाट द्या.

कोपऱ्यावर एक बाई पाठीवर पत्र्याचं भांडं बांधून उभी आहे. मातीच्या वाडग्यात ती दूध घातलेली कॉफी देते. साखर बेताचीच, पण गरम आहे. शेजारी सुतार, जोडारी, हमाल वाडगा दोन्ही हातांत धरून उभ्याउभ्या पितायत. लाकडाचा भुसा, सरस, रोगण आणि घोड्यांची लीद असा सगळा वास एकवटून तुमच्या नाकात शिरतो. दोन घोट घेतलेत की त्याची सवय होईल.

आता रेव्हेयाँ यांच्या कारखान्याच्या फाटकातून आत या. इथे भिंतींना लावायचे रंगीत कागद होतात. एरवी दोऱ्यांवर ओले कागद वाळत टाकलेले असतात, फुलांचे, पक्ष्यांचे, वेलबुट्टीचे. लाकडी ठशांवर रंग चोपडून कारागीर ते एकेक करून छापतात. पण आज अंगणात वेगळंच काम चाललंय. जमिनीवर कापडाची प्रचंड घडी पसरली आहे, तिच्यावर कागद चिकटवायचाय, आणि सगळ्यांना घाई आहे.

कारण सांगतो, आणि हे काम शार्लचं नाही. दक्षिणेतल्या आनोने गावचे माँगोल्फिए हे पिढीजात कागद करणारे. जोझेफ आणि एतिएन हे दोघे भाऊ. आगीवर धरलेली कागदाची पिशवी वर चढते, हे त्यांनी करून पाहिलं, मग मोठी पिशवी केली, मग आणखी मोठी. ४ जूनला आनोनेच्या चौकात त्यांनी जी उडवली, ती जाड कापडाची होती, आतून कागद लावलेला, आणि तिचे तुकडे एकमेकांना जोडले होते ते गुंड्यांनी. काजं करून, जवळपास दोन हजार गुंड्या लावून! सदऱ्याला लावतो तशा. ती पिशवी दहा मिनिटं हवेत राहिली आणि दीडदोन किलोमीटरवर जाऊन पडली.

ही बातमी पॅरिसला आली, राजाने खेळ बघायची इच्छा दाखवली, आणि एतिएन इथे, कागदाच्या धंद्यातल्या आपल्या मित्राकडे येऊन राहिला. पहिला फुगा तयार झाला. १२ सप्टेंबरला तो पावसावाऱ्यात सापडला, कागद भिजून सुटला, कापड फाटलं आणि सगळं मातीमोल झालं. राजासमोर जायला सात दिवस उरलेत.

म्हणून तुमच्या हातात कुणीतरी सरसाचा ब्रश देतं. नाव विचारत नाही. गुडघे टेका आणि कामाला लागा. सरस उकळत्या भांड्यातून आलाय, त्याला चामड्याचा उग्र वास आहे, आणि तो बोटांवर वाळला की कातडी ओढली जाते. कापडाला सुरकुती पडू द्यायची नाही. कागद मधून बाहेर असा तळहाताने दाबत न्यायचा. शिवणीवर दोनदा. शेजारचा म्हातारा कारागीर काही न बोलता तुमची एक सुरकुती नखाने उचलतो आणि पुन्हा बसवून दाखवतो. सायंकाळी कंदील येतात, तरी हात थांबत नाहीत. पाठ मोडते, गुडघ्यांना फोड येतात. माणूस उडाला त्याआधी किती माणसं अशी जमिनीवर गुडघे टेकून बसली होती, ते आज तुमच्या गुडघ्यांना कळलं.

चारपाच दिवसांत नवा फुगा उभा राहतो. १८ मीटरच्या आसपास उंच, आकाशी रंगाचा, वर सोनेरी नक्षी. घराच्या भिंतीला लावावा असा.

मेंढी, बदक आणि कोंबडा

१९ सप्टेंबर, व्हर्सायच्या राजवाड्यासमोरचं अंगण. श्वास घ्यायला जागा शोधा. पहाटेपासून पॅरिसहून गाड्यांची रांग लागली आहे, आणि गाडी परवडत नाही ते चालत आलेत. तुमच्या डाव्या खांद्याला एका बाईचा रेशमी झगा घासतोय, उजव्या बाजूला एक खाटीक उभा आहे, त्याच्या अंगरख्याला रक्ताचे डाग. समोरच्या गृहस्थाच्या टोपातली पावडर प्रत्येक हालचालीला तुमच्या नाकात उडते. पिठाचीच असते ती. शिंक आवरा. एक पोरगा दिव्याच्या खांबावर चढलाय आणि वरून सगळ्यांना खबर देतोय, कारण बाकी कुणालाच काही दिसत नाही.

मध्ये एक उंच मंडप आहे, त्याला मोठं भोक, आणि भोकाखाली आग. तोफेचा पहिला बार होतो आणि आग पेटवतात. मग येतो तो वास.

नाक दाबा, उपयोग नाही. ओला पेंढा जळतोय, त्यात लोकर टाकलीये, जुने जोडे टाकलेत. जोड्यांचं चामडं जळताना कसा वास येतो ते तुम्ही आयुष्यभर विसरणार नाही. हे सगळं मुद्दाम केलंय. माँगोल्फिए भावांना वाटतं की फुगा वर नेतो तो धूर. धुरात काहीतरी खास वायू असावा, आणि धूर जितका दाट तितका जोर जास्त. खरं काम करत होती ती साधी तापलेली हवा. हवा तापली की पसरते, पसरली की तेवढ्याच जागेत तिचं वजन कमी होतं, आणि भोवतालची थंड, जड हवा तिला वर ढकलते. होळीतला तुमचा कपटा याच जोरावर गच्चीच्या वर गेला. जोडे जाळायची काही गरज नव्हती. पण तुम्ही ओरडून सांगितलंत तरी या गलक्यात कोण ऐकणार? राजा स्वतः पाहणीला आला, तोही वासाने मागे फिरला.

कापड हलायला लागतं. आधी एक कुबड वर येतं, मग खांदे, मग सबंध निळं अंग सरळ होतं आणि गर्दीतून एकच हुंकार निघतो. खाली वेताचा पिंजरा बांधलाय, त्यात तीन प्रवासी आहेत: एक मेंढी, एक बदक, एक कोंबडा. वरची हवा माणसाला मानवेल का, हे अजून कुणालाच माहीत नाही. मेंढीचं शरीर माणसासारखं जमिनीवरचं. बदकाला उंची ठाऊक आहे, तेव्हा त्याला काही झालं तर दोष फुग्याचा. कोंबडा पक्षी असून उंच उडत नाही, म्हणून तो या दोघांच्या मधला. किती शहाणपणाने निवडलेत बघा.

तिसरा बार. दोर सुटतात. तुमच्या पोटात खड्डा पडतो, जणू तुम्हालाच कुणी उचललंय. फुगा एका बाजूला कलतो, बायका किंचाळतात, मग तो सावरतो आणि चढत जातो. खाटीक तुमचा दंड घट्ट धरून उभा आहे, त्याला भान नाही. आठ मिनिटांनी साडेतीन किलोमीटरवरच्या वोक्रेसाँच्या रानात तो उतरतो. तिकडे घोडा फेकत पहिल्यांदा पोचतो एक तरुण, पिलात्र द रोझिए. मेंढी शांतपणे चरत असते. कोंबड्याच्या पंखाला जखम दिसते आणि विद्वानांचे चेहरे उतरतात: वरच्या हवेचा परिणाम की काय? मग साक्षीदार सांगतात की उडण्याआधीच मेंढीने त्याला लाथ मारली होती. साऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. एका लाथेवर माणसाचं उडणं अडलं होतं.

चूल सांभाळा!

आता थंडी पडली आहे. २१ नोव्हेंबर, दुपार. पॅरिसच्या पश्चिमेला ला म्युएतच्या बागेत तुम्ही हातावर हात चोळत उभे आहात. फुगा आणखी मोठा, सात मजली घराएवढा, निळ्यावर सोनेरी राशीचक्र आणि सूर्याचे चेहरे. त्याच्या गळ्याभोवती वेताची गोल गॅलरी आहे, रुंदी जेमतेम मीटरभर. मधोमध लोखंडी शेगडी टांगली आहे. यात बसणार माणसं.

आधी ठरत होतं की फाशीची शिक्षा झालेले दोन कैदी पाठवायचे. जगले तर सुटका. पिलात्रला हे सहन झालं नाही. आकाशात पहिलं पाऊल टाकायचा मान गुन्हेगाराला का द्यायचा? त्याने खटपट केली, पायदळातला अधिकारी मार्की दार्लांद त्याच्या जोडीला उभा राहिला, आणि राजाने मान्य केलं. पिलात्र २९ वर्षांचा आहे. ऑक्टोबरमध्ये तो रेव्हेयाँच्या अंगणात दोराला बांधलेल्या फुग्यातून वरखाली करत होता. तिथे त्याने एक गोष्ट हाताने शिकून घेतली. पेंढा टाकला की वर जायचं, आग बसू दिली की खाली यायचं. सुकाणू नाही, पंख नाहीत. आकाशात जायचं म्हणजे चूल सांभाळायची.

सकाळी वाऱ्याने घात केला. दोर बांधून पाहताना फुगा फाटला. माणसं सुईदोरा घेऊन धावली, दोनेक तासांत फाटलेलं शिवून काढलं. परत फुगवला. दोनला काही मिनिटं कमी असताना दोघे गॅलरीत चढतात, तोल राहावा म्हणून समोरासमोरच्या बाजूंना. पेंढ्याच्या पेंढ्या रचलेल्या, पाण्याची भांडी, स्पंज. तुमचं वजन कुणी मोजणार नाही, तेव्हा दार्लांदच्या मागे हळूच चढा. वेताला घट्ट धरा.

दोर सुटला.

तुम्ही टाळ्यांची, आरोळ्यांची वाट बघताय. येत नाहीत. खाली हजारो तोंडं वळलेली, आणि एकातूनही आवाज नाही. भीतीने, नवलाने लोक मुके झालेत. दार्लांदला ती शांतता असह्य होते, तो रुमाल काढून हलवतो. तेव्हा कुठे खाली हालचाल होते. झाडांचे शेंडे पायांखालून सरकतात. मग सेन नदी, शिशासारखी करडी, तिच्यावर चिमुकल्या होड्या. आजवर माणसाने नदी काठावरून पाहिली, पुलावरून पाहिली, डोंगरावरून पाहिली. तिची वळणं अशी थेट वरून, पायांखाली काहीही नसताना, याआधी कुणी पाहिली नव्हती. दार्लांद वाकून बघतोय. तुम्हीही बघताय. तोंड उघडं राहिलंय.

शेगडीपलीकडून पिलात्रचा आवाज येतो. काही करताय की नाही? आपण वर जात नाही आहोत. नदीकडे असेच बघत राहिलात तर थोड्याच वेळात तिच्यात पोहावं लागेल.

दार्लांद दचकतो, पेंढी उचलतो, काट्याने आगीत सारतो. भप्पकन ज्वाळा उठते, चेहरा होरपळतो, भुवया करपल्याचा वास येतो, आणि काखेतून कुणी धरून उचलावं तसे तुम्ही वर जाता. पुढचा अर्धा तास असाच जाणार. एक डोळा पॅरिसवर, एक चुलीवर. पाठ गारठलेली, पोट भाजतंय. घाम आणि थंडी एकाच अंगावर.

वर कुठेतरी काड्कन आवाज होतो. गॅलरी हिसका खाते. दार्लांद मान वर करतो आणि तुमच्याही छातीत धस्स होतं. कापडाला गोल गोल भोकं पडलीयेत, काही चांगली मोठी, आणि त्यांच्या कडा धुमसतायत. कागद पेटायला किती वेळ लागतो? तो ओला स्पंज घेतो आणि हात पोचेल तिथवरच्या कडा विझवत जातो. चर्र, चर्र. मग दोर ओढून बघतो. दोन तुटलेत, बाकीचे धरून आहेत. खाली धुराड्यांची, कौलांची दाटी आहे, इथे उतरणं शक्य नाही. शहर ओलांडायलाच हवं. आणखी पेंढा. सँ-सुल्पीसच्या चर्चचे दोन मनोरे समोर येतात, वारा बाजू बदलतो आणि तुम्हाला दक्षिणेकडे घेऊन जातो.

शहर संपतं. आग बसू देतात. आता समोर टेकडी आहे, ब्युत-ओ-काय, आणि तिच्यावर पवनचक्क्या. पिलात्र ओरडतो, गिरण्या सांभाळा! शेवटची पेंढी आगीत जाते, फुगा कसाबसा उचलला जातो, फिरणारी पाती बाजूने निघून जातात, आणि पाय टेकतात. अगदी हलके, कुणीतरी अलगद खाली ठेवल्यासारखे. सुमारे २५ मिनिटांत आठनऊ किलोमीटर. खालून बिएव्र नदीकाठच्या चर्मकारांच्या कुंडांचा आणि रंगाऱ्यांच्या हौदांचा वास येतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला हा वास गोड लागतो. जमीन आहे ही.

गरम कापडाचा ढीग पिलात्रच्या अंगावर कोसळतो. तो खालून रांगत बाहेर येतो, नुसत्या सदऱ्यात, कारण उकाड्याने त्याने कोट काढून ठेवला होता. पण कोट कुठाय? धावत आलेल्या गर्दीने तो पळवला, आणि पाहता पाहता त्याच्या चिंध्या झाल्या. प्रत्येकाला एकेक तुकडा हवाय. उडून आलेला कोट! तुमच्या मुठीत बघा, एक धागा तुम्हीही पकडलाय. त्याला पेंढ्याचा धूर लागलाय.

दोनदा मावळलेला सूर्य

परतायच्या आधी एक संध्याकाळ अजून. १ डिसेंबर, राजवाड्यामागची त्विलरीची बाग. आज गोनेसवाला शार्ल स्वतः उडणार आहे, रोबेर भावांपैकी एकाला घेऊन. म्हणतात चार लाख माणसं लोटलीत. छपरं भरलीत, पुतळ्यांच्या खांद्यांवर पोरं आहेत. तीनएक महिन्यांत पॅरिस आभाळाचं झालंय. लवकरच पंख्यांवर, थाळ्यांवर, खुर्च्यांच्या पाठीवर, बायकांच्या टोप्यांवर फुगेच फुगे दिसतील.

शार्ल एक छोटा हिरवा फुगा एतिएन माँगोल्फिएच्या हाती देतो. दोघांच्या पद्धती वेगळ्या, लोक त्यांची झुंज लावतायत. आणि शार्ल त्याला सांगतो की आकाशाची वाट तुम्ही उघडलीत, तेव्हा पहिला दोर तुम्हीच सोडा. एतिएन बोटं सैल करतो. हिरवा ठिपका वर जातो, आणि त्याच्या मागोमाग मोठा फुगा.

यात चूल नाही. वायू भरायला खाली माणसं दिवसरात्र पिंपांपाशी लोखंड आणि आम्ल घेऊन राबली, म्हणून वरच्यांचे हात मोकळे आहेत. वर जायला वाळू टाकायची, खाली यायला झडप उघडायची. दोन तासांनी, ३६ किलोमीटरवर, नेल गावच्या कुरणात टोपली टेकते. सूर्य मावळलाय. रोबेर उतरतो, वजन घटतं, आणि शार्ल एकटा वर झेपावतो. दहा मिनिटांत ३,००० मीटर. तुम्ही कुरणातल्या शेतकऱ्यांबरोबर अंधारात उभे आहात. पण वर त्या टोपलीवर पुन्हा उजेड पडलाय. आपल्यासाठी बुडालेला सूर्य त्याला परत दिसतोय. एका दिवसात सूर्य दोनदा मावळताना पाहणारा तो पहिला माणूस. बोटं गारठलीयेत, उजवा कान ठणकतोय, आणि खालच्या दऱ्यांतून धुकं चढतंय. त्याच्याजवळ बघायला वेळ आहे, कारण त्याची चूल आधीच खाली कुणीतरी सांभाळली आहे. त्यानंतर तो पुन्हा कधी उडाला नाही.

मान दुखायला लागली ना? अजून थोडा वेळ वर बघा. तो ठिपका बारीक होतोय. कडेला लाल रेघ, मध्ये काळा. कुरणाचा ओलावा तळपायांखाली कोरडा होतोय, टणक होतोय, आणि कुठूनतरी ताशा ऐकू येतोय.

कपटा गच्चीपलीकडे विझला. राखेची एक पापडी गिरक्या घेत खाली येते आणि तुमच्या बाहीवर बसते. ती झटकू नका. होळीची आग जरा बसली आहे. पलीकडून शेजारच्या काकू हातातली गोवरी तुमच्यापुढे करतात.

"अहो, नुसते बघत काय उभे राहिलात? टाका की!"

टाका.